भाड्याच्या घरात मुकं जनावर: आधी सांगा, मग लिहून घ्या

मांजरसुंबा-केज रस्त्यावरचं नेकनूर हे बीड तालुक्यातलं मोठं बाजारगाव. शाळा, दवाखाना, बँक, पोलीस ठाणे यांतल्या नोकरीमुळे बाहेरगावची माणसं इथे खोली करून राहतात. कुणी एकटं येतं, कुणी बिऱ्हाड घेऊन. बिऱ्हाडाबरोबर कधी घरातला कुत्रा येतो, कधी मांजर, कधी लेकरांच्या दुधासाठी एखादी शेळी. खोली बघताना भाडं, अनामत, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, बोअर आहे का, हे सगळं विचारून होतं. जनावराचा विषय मात्र 'राहायला गेल्यावर बघू' म्हणून मागे पडतो.

पुढचं सगळं बिनसतं ते तिथेच. सामान उतरवताना टेम्पोतून कुत्रा उतरला, की मालकाला आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. तो दोन महिने काही बोलत नाही. मग एके दिवशी अंगणात घाण दिसते, रात्री भुंकण्याने शेजाऱ्याची झोप मोडते आणि निरोप येतो, 'एक तर ते जनावर काढा, नाहीतर खोली सोडा.' अशा वेळी भाडेकरूच्या हातात दाखवायला कागदाचा चिटोराही नसतो. शेवटी जनावर बाजाराच्या दिशेने सोडून दिलं जातं. हे टाळता येतं, आणि त्यासाठी लागते ती फक्त एक संध्याकाळ आणि एक कागद.

कायदा तुमच्या बाजूने कुठवर आहे?

पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं आपण ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना गृहनिर्माण सोसायट्या आणि रहिवासी संघांसाठी आहेत. सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्या सांगतात. केरळ उच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2021 मध्ये रहिवासी संघांच्या नियमांतली अशी सरसकट बंदी बेकायदा ठरवली. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे.

पण नेकनूरला सोसायटी नसते, घराचा मालक असतो, आणि बहुतेक वेळा तो त्याच वाड्यात किंवा वरच्या मजल्यावर राहतो. आपलं घर भाड्याने देताना जनावर चालेल की नाही, हे ठरवायला तो मोकळा आहे. इंग्लंडमध्ये 2025 साली संमत झालेल्या कायद्यानुसार भाडेकरूने प्राणी ठेवण्याची लेखी विनंती केली, तर मालकाने 28 दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि योग्य कारणाशिवाय नकार द्यायचा नसतो. आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणून इथल्या भाडेकरूचं आणि त्याच्या जनावराचं खरं संरक्षण एकच आहे: करारातली परवानगीची ओळ. ती मिळवायची कशी आणि टिकवायची कशी, ते आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी: जनावराचे कागद जमवा

मालकाकडे जाण्याआधी एका फाईलमध्ये जनावराची ओळख तयार ठेवा. कुत्रा किंवा मांजर असेल तर समोरून आणि बाजूने काढलेले दोन फोटो, नाव, वय, रंग, नर की मादी आणि लसीकरणाचं कार्ड लागेल. कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचा असताना देतात. पुढचा डोस कधी द्यायचा ते डॉक्टर सांगतात आणि त्यानंतर दरवर्षी लस चालू ठेवावी लागते. कार्डावर लसीची तारीख, पुढची तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का आहे ना, ते बघा. नसबंदी झाली असेल तर त्याचा दाखला जोडा. मालकाच्या मनात चावण्याची भीती असते, तशीच 'उद्या पाच-सहा पिल्लं झाली तर?' ही काळजीही असते. नसबंदीचा दाखला ती काळजी मिटवतो.

गाय, म्हैस, शेळी असेल तर तिच्या कानातला पिवळा बिल्ला हीच तिची ओळख. त्यावरचा 12 अंकी क्रमांक जनावराची सरकारी नोंद दाखवतो. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करायला बंदी आहे. बाजारातून नवी शेळी आणणार असाल तर आधी कान बघा, मग दाताला हात लावा. बिल्ला नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मारून घ्या आणि नोंद स्वतःच्या नावावर आहे का, तेही तपासा. शेळ्यांची पीपीआर आणि आंत्रविषाराची लस, गाई-म्हशींची लाळ-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्याची लस यांच्या नोंदीही फाईलमध्ये ठेवा. मालकाच्या दावणीला स्वतःची जनावरं असतील तर तो हेच आधी विचारणार, आणि त्याचं ते बरोबरच आहे.

जनावर आजारी पडलं तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. तोही फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरी पायरी: टोकन देण्याआधी बोला

खोली पसंत पडली की टोकनचे पैसे देण्याआधी विषय काढा. आडवळणाने नको, सरळ बोला: "अण्णा, आमच्याकडे एक कुत्री आहे. चार वर्षांची आहे, ऑपरेशन झालंय, लस दरवर्षी देतो. हे तिचं कार्ड. तुम्हाला आणि घरच्यांना चालणार असेल तरच पुढचं बोलू." पहिल्याच भेटीत एवढं सांगितलं की मालकही मोकळेपणाने बोलतो. त्याला नको असेल तर तेही तेव्हाच कळतं, आणि दुसरी खोली बघायला तुमच्या हातात वेळ उरतो.

बोलताना घरातल्या बाईमाणसांना वगळू नका. अंगण त्या झाडतात, पाणी त्या भरतात, वाळवण त्या घालतात. कुत्र्याने तुळशीपाशी पाय वर केला किंवा मांजराने वाळवणात तोंड घातलं, तर त्रास त्यांनाच होणार. काही घरांत धार्मिक आचारामुळे कुत्रा उंबऱ्याच्या आत किंवा पाण्याच्या भांड्यांजवळ चालत नाही. त्यावर वाद घालू नका. 'तो आमच्या खोलीत आणि मागच्या दाराला राहील, तुमच्या ओसरीवर येणार नाही' असं ठरवून घ्या आणि ते पाळा. सामाईक भिंतीपलीकडे शेजारी राहत असेल तर त्यालाही भेटून या. तक्रार पहिल्यांदा तिथूनच येते.

मालक पुण्या-मुंबईला असेल आणि घर भावकीतल्या कुणाच्या देखरेखीखाली असेल, तर देखरेख करणाऱ्याच्या 'चालतंय की' वर थांबू नका. मालकाचं स्वतःचं उत्तर घ्या. फोनवर हो म्हणाला असेल तर त्याच संध्याकाळी त्याला मेसेज टाका, 'आज बोलल्याप्रमाणे आमची कुत्री आमच्यासोबत राहील, आपली परवानगी आहे ना?' आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.

तिसरी पायरी: लेखी अर्ज द्या

तोंडी होकार मिळाला की दोन प्रतींत साधा अर्ज लिहा. एक प्रत मालकाला द्या, दुसरीवर त्याची सही घ्या. मजकूर असा असू शकतो:

*'मी आपल्या नेकनूर येथील घरातील दोन खोल्या भाड्याने घेत आहे. माझ्याकडे पुढील पाळीव प्राणी आहे: प्रकार, नाव, वय, रंग, नर अथवा मादी, कानातील बिल्ला असल्यास क्रमांक. शेवटची रेबीज लस दिल्याची तारीख आणि पुढची तारीख सोबतच्या कार्डाप्रमाणे. प्राणी माझ्या खोल्यांत व मागील अंगणात राहील. रोजची स्वच्छता मी करीन. प्राण्यामुळे घराचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च मी देईन. मी गावाला गेल्यास प्राण्याची काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव व फोन खाली दिले आहेत. हा प्राणी ठेवण्यास आपली संमती असावी, ही विनंती.'*

खाली तुमची सही, तारीख, आणि 'संमती आहे' असं लिहून मालकाची सही. अर्जाला फोटो आणि लसीच्या कार्डाची झेरॉक्स टाचा. घरमालकाकडे जनावराची नोंद करणं म्हणतात ते हेच.

चौथी पायरी: करारात कलम घाला

अर्ज झाला तरी मूळ करारात उल्लेख हवाच. भाडेकराराचे छापील मसुदे सगळीकडे सारखेच असतात आणि त्यांत कधी कधी 'पाळीव प्राणी ठेवता येणार नाही' अशी ओळ आधीच असते. बॉण्डवर सही करण्याआधी सगळी पानं वाचा. तशी ओळ असेल तर ती खोडून दोघांनी बाजूला सही करण्यापेक्षा ते पान नव्याने टाईप करून घेणं चांगलं. नव्या कलमात या गोष्टी असाव्यात:

1. कोणता प्राणी, किती आणि त्याची ओळख. 'पाळीव प्राणी चालतील' असं मोघम लिहू नका. त्यावर पुढे दोघांचे दोन अर्थ निघतात.
2. तो कुठे राहील आणि कुठे जाणार नाही: गच्ची, जिना, ओसरी, पाण्याची टाकी यांपैकी काय सामाईक आहे, ते नावानिशी.
3. अनामत रकमेतून प्राण्यामुळे झालेल्या नुकसानीपोटी काय कापता येईल. दाराला पडलेले ओरखडे, फाटलेली जाळी हे नुकसान झालं. भिंतीचा जुना रंग उडणं हे नव्हे. राहायला जायच्या दिवशीच दारं, जाळ्या, फरशी यांचे फोटो काढून मालकाला पाठवा.
4. पिल्लं झाली किंवा दुसरा प्राणी आणायचा असेल तर नव्याने लेखी परवानगी.
5. तक्रार आल्यास आधी लेखी सूचना आणि सुधारणेसाठी ठराविक दिवस. परवानगी काढून घ्यायची असेल तर किमान एक महिन्याची मुदत.

पाचवा मुद्दा सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. परवानगी असूनही 'उद्याच्या उद्या हलवा' असं सांगितलं जातं, तेव्हा जनावराला वाचवणारी ही एक महिन्याची मुदतच असते.

पाचवी पायरी: करार नोंदवा

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. करार नोंदवला जातो तो दुय्यम निबंधक कार्यालयात. लिव्ह अँड लायसन्स करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवण्याची सोयही नोंदणी व मुद्रांक विभागाने केली आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या हिशेबावर 0.25 टक्के आणि ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये, म्हणजे खर्च आवाक्यातला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. त्याने ती केली नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांना लागू होतो. आपलं गाव त्यात येवो न येवो, नोंदलेला कागद दोघांच्याही कामाचाच असतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, तेव्हा कराराची प्रतही सोबत ठेवा.

शेळी, गाय, कोंबड्या असतील तर

नेकनूरसारख्या गावात हा प्रश्न कुत्र्या-मांजरापेक्षा जास्त पडतो आणि त्याचे मुद्देही वेगळे आहेत. गोठा किंवा पत्र्याचं शेड खोलीच्या भाड्यात धरलंय की वेगळं? शेण आणि उकिरडा कुणाचा? शेतकरी मालकाला शेणखत हवंच असतं. 'खत तुमचं, जागा आमची' एवढ्यावर भाडं थोडं कमी झालेलं मी पाहिलं आहे. पाणी कुठून घ्यायचं? बीडच्या उन्हाळ्यात टँकर चालू झाले की गाईला लागणारं रोजचं पाणी हाच भांडणाचा मुद्दा होतो, म्हणून तो आधीच कागदावर आणा. कडब्याची गंज कुठे लावायची, हेही ठरवा. विजेच्या तारेखाली किंवा चुलीच्या बाजूला नको. मूत साचू नये म्हणून शेडला उतार आणि चर हवा. घाण साचली तर शेजारी ग्रामपंचायतीकडे तक्रार करणार आणि ती रास्तच असेल. कोंबड्यांचं खुराडं रात्री बंद करायची सवय ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं दुखणं आणखी निराळं. दसऱ्यानंतर टोळी कारखान्यावर जाते आणि मागे राहिलेली शेळी किंवा कुत्रा कुणाच्या तरी दारात बांधला जातो. ज्याच्याकडे ठेवाल त्याच्याशी चाऱ्याचे पैसे, औषधाचा खर्च आणि जनावर दगावलं तर काय, हे दोन ओळींत लिहून ठेवा. नातं तुटू नये म्हणून तर हे करायचं.

दिव्यांग व्यक्तीचा मदतनीस कुत्रा

अंध व्यक्तीला वाट दाखवणारा किंवा ऐकू न येणाऱ्याला दारावरची हाक कळवणारा प्रशिक्षित कुत्रा अजून आपल्याकडे क्वचित दिसतो. अमेरिकेत घरांबाबतचा कायदा अशा प्राण्याला पाळीव प्राणी मानतच नाही. 'प्राणी चालणार नाहीत' असा नियम असलेल्या घरातही त्याला वाव द्यावा लागतो आणि त्यासाठी जादा शुल्क घेता येत नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. आपल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये घरमालकासाठी असं थेट कलम नाही. मात्र दिव्यांगाला वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. म्हणून अर्जात 'हा पाळीव प्राणी नसून माझ्या रोजच्या हालचालीसाठी आवश्यक मदत आहे' असं लिहा. दिव्यांग ओळखपत्राची प्रत, कुत्र्याच्या प्रशिक्षणाची माहिती आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. दाद मागायची वेळ आलीच तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. मालकांना एवढीच विनंती, की अशा अर्जाकडे हौस म्हणून बघू नका.

जे पाळायचंच नसतं

पिंजऱ्यातला हिरवा पोपट आणि टाकीत ठेवलेलं देशी कासव अनेक घरांत दिसतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली ते पाळणं गुन्हा आहे. मालकाने लेखी संमती दिली म्हणून ते कायदेशीर होत नाही, उलट तोही अडचणीत येतो. असा प्राणी असेल किंवा जखमी सापडला असेल तर वन विभागाला 1926 क्रमांकावर कळवा. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं तागडगावचं सर्पराज्ञी केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे.

मालकांसाठी चार शब्द

नको असेल तर पहिल्या भेटीत नाही म्हणा. त्यात काही वावगं नाही. हो म्हणायचं असेल तर लसीचं कार्ड मागा, जनावर एकदा डोळ्यांनी बघा आणि अटी लिहून घ्या. एकदा दिलेला शब्द रागाच्या भरात फिरवू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 नुसार भाडेकरूचं पाणी-वीज तोडता येत नाही. जनावराला विष घालणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. भाडेकरूनेही ध्यानात ठेवावं की जनावर निष्काळजीपणे मोकळं सोडून कुणाच्या जिवाला धोका झाला, तर कलम 291 त्याला लागू होतं. कुत्रा कुणाला चावलाच तर वाद नंतर. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा.

बदली झाली तर

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मे-जूनमध्ये बदल्यांच्या याद्या लागतात, सामान टेम्पोत चढतं आणि तीन वर्षं दारात वाढलेला कुत्रा मागे राहतो. तो कित्येक दिवस त्याच बंद दारापाशी बसून राहतो. नवा भाडेकरू त्याला हाकलतो आणि मग गावातली कुत्री त्याला जगू देत नाहीत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात पाळीव जनावर असं टाकून जाणं गुन्हा आहे. त्यातला दंड फार जुना आणि तुटपुंजा असला, तरी गुन्हा तो गुन्हाच. बदलीच्या गावी खोली शोधताना पहिल्या फोनवरच जनावराचं सांगा. नेणं खरंच शक्य नसेल तर निघण्याआधी महिनाभर त्याला ओळखीचं घर शोधा, लसीचं कार्ड त्या माणसाच्या हातात द्या आणि नव्या मालकाचं नाव कार्डावर लिहून घ्या.

जनावराला करारावर अंगठा उठवता येत नाही. त्याच्या वतीने सही करणारे आपणच. तेव्हा या हंगामात खोली बदलणार असाल, तर अनामतीचे पैसे मोजण्याआधी त्याची ओळ कागदावर येऊ द्या.